डावं मोकळं

आमच्या किनाऱ्यावर लॉरी वळण्याआधी चालकाचं बोट वळतं. पांढरा हातमोजा घातलेला हात खांद्यातून सुटतो, बोट आरशावर जाऊन थांबतं आणि तोंड मोठ्यानं म्हणतं, "डावं मोकळं!" मग उजवीकडे, "उजवं मोकळं!" मग मागे, "पाठ मोकळी!" केबिनमध्ये दुसरं कुणी असो वा नसो, पुकारा करायचाच. बाहेरून आलेली माणसं हसतात. हसू देत. डोळा एकटा पडला की आळसावतो. जोडीला बोट आणि आवाज दिला की कामाला लागतो, असं आमची जुनी माणसं मानत आली आहेत.

हा पुकारा तामोत्सु ओकुमियासारखा देखणा कुणी केला नाही. त्रेसष्ट वर्षांचा ठेंगणा माणूस, मान आखूड, पण हात उचलला की धान्य पेरणाऱ्यासारखा संथ आणि नेमका. कोचीपासून पूर्वेला समुद्राच्या कडेनं जो रस्ता जातो, त्यावर एक्केचाळीस वर्षं त्यानं वांगी वाहिली. आमच्याकडे हिवाळाभर काचघरांतून वांगी पिकतात, जांभळी, तुळतुळीत, हाताला थंड. दुपारी भरायची, आवाजी बेट ओलांडून संध्याकाळी ओसाकाच्या बाजारात उतरवायची. एवढ्या वर्षांत त्याच्या लॉरीतलं एक खोकं कधी चेपलं नाही, आणि हे तो स्वतः कधी सांगत नसे. सांगायला इतर होते.

तो मूळचा नदीच्या वरच्या अंगाचा, युझू लिंबांच्या गावचा. त्याचे वडील जंगलातल्या लाकूड वाहणाऱ्या छोट्या आगगाडीवर ब्रेक धरायला होते. रूळ उखडले तेव्हा तामोत्सु नुकता रांगायला लागला होता. वडील पुढं लिंबाच्या बागेत राबले, पण उतार दिसला की त्यांची मूठ आपोआप आवळायची. ती मूठ तामोत्सुनं उचलली आणि बाविसाव्या वर्षी निशिमोरींच्या वाहतूक कंपनीत जाऊन हामागुची नावाच्या म्हाताऱ्या चालकाच्या डावीकडे बसला.

तेव्हा शिकवणं म्हणजे शेजारी बसवणं. हामागुचीनं पहिल्या वर्षात मिळून चार वाक्यं उच्चारली असतील. "बस." "बघ." "पाय काढ तिथून." आणि वर्ष संपताना, "उद्यापासून तू." काय बघायचं ते सांगितलं नाही. तामोत्सु हामागुचीचं बोट बघत राहिला. बोट कुठं जातं, कधी जातं, किती वेळ थांबतं. पुढं त्याच्या स्वतःच्या शेजारी एकोणीस जण बसून शिकले. तामोत्सु त्यांच्याशी हामागुचीपेक्षा जास्त बोलायचा, पण शिकवायचं तेच. माझं बोट बघ.

आता दिवस बदललेत. चालकानं किती तास चालवायचं याला सरकारनं कुंपण घातलं, ते बरंच झालं. पण म्हातारे उतरत गेले आणि नवे चढेनात. तेव्हा किनाऱ्यावरच्या नऊ लहान कंपन्या एकत्र आल्या. टेकडीवरची प्राथमिक शाळा सहा वर्षांपासून बंद होती, शेवटच्या वर्षी चारच मुलं उरली होती तिथं. ती शाळा त्यांनी लॉरीचालकांच्या शिक्षणासाठी घेतली. मैदानावर पांढऱ्या रेघा मारल्या. गाण्याच्या वर्गात ओसाकाहून आणलेलं एक यंत्र बसवलं, लॉरीचं हुबेहूब सोंग करणारं, समोर पडदा, खाली हलणारी खुर्ची. एप्रिलमध्ये शाळा उघडायची होती आणि मुख्य शिक्षक म्हणून सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं.

तामोत्सुला ते हवं होतं. किती हवं होतं, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. पण तोमिएनं न विचारता एक नवा पांढरा सदरा आणून कपाटात ठेवला होता, म्हणजे तिला ते कळलं होतंच.

त्या जानेवारीत त्याच्या शेजारी विसावी शिष्या बसली. मिसुझु ओकाबायाशी. वय अडतीस, आमच्या आकी गावचीच. सोळा वर्षं कोची शहरात इस्पितळात परिचारिका होती. आई घसरून पडली म्हणून गावी परतली आणि सगळ्यांना वाटलं, इथल्या दवाखान्यात लागेल. तिनं मोठ्या गाडीचा परवाना काढला.

"लॉरीच का?" तामोत्सुनं पहिल्या दिवशी विचारलं.

"पेशंट फार बोलतात. वांगी बोलत नाहीत."

"मग तूही बोलू नकोस."

"मी पेशंट नाही. तुम्हाला काय म्हणायचं, ओकुमियासान?"

"तेच म्हण."

"सगळे गुरुजी म्हणतात."

"मग विचारतेस कशाला, बाई?"

पहिल्या सकाळच्या हजेरीलाच तिनं गोंधळ घातला. आमच्याकडे गाडी काढण्याआधी हजेरी असते. टेबलापलीकडे धाकटे निशिमोरी बसतात, कंपनीचे तरुण मालक, योशिताका त्यांचं नाव. आधी नळीत फुंकायचं, रात्रीच्या दारूचा वास उरला असेल तर आकडा चढतो. आमच्या भागात ही नळी फार गांभीर्यानं घेतात, कारण आमच्याइतकं पिणारी माणसं जपानात दुसरीकडे नाहीत आणि आम्हाला त्याची लाज नाही. मग मालक विचारतात, "अंगात काही?" चालक म्हणतो, "काही नाही." "झोप?" "झाली." कागदावर दोन ठिकाणी टिक, आणि चावी हातात.

"अंगात काही?" धाकट्या निशिमोरींनी मिसुझुला विचारलं.

"डावा गुडघा दुखतोय, जिना चढताना. झोप साडेपाच तास, मध्ये दोनदा आईसाठी उठले. पाळीचा दुसरा दिवस आहे, पण कंबर ठीक आहे."

मागे उभ्या असलेल्या चार चालकांपैकी एकाला चहाचा ठसका लागला. निशिमोरींचं पेन कागदावर अधांतरी राहिलं. "हे... हे कुठं लिहू मी? इथं टिक करायला चौकोन आहे फक्त."

"इथं 'काही नाही' म्हणायचं असतं," तामोत्सुनं तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"काही असलं तरी?"

"असलं तर घरी राहायचं."

"कोण राहिलंय आजवर घरी?"

तामोत्सुनं आठवून पाहिलं आणि लॉरीकडे चालू लागला.

फेब्रुवारी तसाच गेला. आधी तो चालवायचा आणि ती डावीकडे बसून बघायची, मग महामार्गावर ती चालवायची आणि तो बघायचा. तिचा हात चांगला होता. ब्रेक असा दाबायची की मागच्या वांग्यांना कळत नसे. फक्त पुकारा तिचा बारीक आवाजात असायचा. "बाजारात भाव सांगतेस का कानात?" तो म्हणायचा. "मोठ्यानं!" ती मोठ्यानं म्हणायची आणि हसायची.

पण शिकता शिकता तिची जुनी नजरही चालू होती. चहाचा डबा डावीकडे ठेवला की गुरुजी तो पाडतात. डावीकडच्या कप्प्यातली पावती चाचपडून काढतात. कुणी डावीकडून हाक मारली की नुसती मान नाही, अख्खे खांदे वळवतात. तिनं मनात नोंद केली आणि गप्प राहिली, कारण दोन-तीन गोष्टींवरून आजार सांगणाऱ्या माणसाची इस्पितळात चेष्टा होते.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी दहाला, सहकारी संघाच्या शेडकडे ते वळत होते. ऊन स्वच्छ होतं. तामोत्सु चालवत होता. हात उठला, बोट डाव्या आरशावर जाऊन थांबलं, नेहमीसारखं देखणं.

"डावं मोकळं!"

"मोकळं नाही!" मिसुझु किंचाळली.

त्याच्या पायानं डोक्याच्या आधी ऐकलं. लॉरी जागच्या जागी थांबली, मागे खोकी सरकल्याचा आवाज आला. डाव्या चाकापुढं, हाताच्या अंतरावर, एक आजीबाई चार चाकांची ढकलगाडी घेऊन उभी होती. गाडीत मुळे होते, दोन. आजीबाईनं वर पाहिलं, कमरेत वाकून नमस्कार केला, लॉरीवाल्यानं वाट दिली म्हणून, आणि सावकाश पलीकडे गेली.

तामोत्सु तिच्याकडे बघत राहिला, ती कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत. मग त्यानं आरशात पाहिलं. आरसा स्वच्छ होता.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, बाई. पाहिलं आणि रस्ता मोकळा होता."

"चावी द्या," मिसुझु म्हणाली. "मी लावते शेडला."

शेडमागे युझूच्या रिकाम्या क्रेटवर ती त्याला बसवून समोर उकिडवी बसली. त्यानं हातमोजा काढला नव्हता.

"आमच्या वॉर्डातही बोट आणि पुकारा असायचा," ती म्हणाली. "औषधाच्या पाकिटावर बोट, आणि नाव मोठ्यानं. एका सकाळी मी बोट ठेवलं, नाव वाचलं, बरोब्बर. खाटेवरचे आजोबा म्हणाले, 'सिस्टर, माझी गोळी रोज पांढरी असते, ही गुलाबी कशी?' पाकिटावर दुसरंच नाव होतं, गुरुजी. मी वाचलंच नव्हतं. बोटानं आणि तोंडानं आपसात उरकून घेतलं होतं."

"माझं तसं नाही. मी बघतो."

"तेच पाहायचंय. उजवा डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा, नाक सुंदर नसलं तरी. बोट दिसलं की सांगा."

तो नाकाकडे बघत राहिला. तिनं बोट बाहेरून आत आणलं. वरून आणलं, त्यानं सांगितलं. डावीकडून, खालच्या अंगानं आणलं. तो गप्प. ती आणत राहिली. बोट अचानक तिच्या गालाजवळ उगवलं.

"कुठून आलं हे?" तो म्हणाला.

"केव्हाचं तिथंच होतं."

दुसरा डोळाही तिनं तपासला. त्यातला हरवलेला तुकडा लहान होता, पण त्याच बाजूला.

"अंधार दिसायला हवा ना?" त्यानं डोळे चोळले. "दिसत नसेल तिथं काळं दिसेल माणसाला."

"काळं दिसलं असतं तर बरं झालं असतं. मेंदू तिथं ठिगळ लावतो. आजूबाजूचा रस्ता घेतो आणि तोच शिवतो. म्हणून मोकळं दिसतं." तिनं बोट खाली घेतलं. "काचबिंदू असेल असं मला वाटतं. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं थेंबांनी राखता येतं. डॉक्टर सांगतील."

शेडमध्ये वांग्यांची वर्गवारी करणाऱ्या बायका हसत होत्या. आतून रेडिओवर हवामान चाललं होतं.

"योशिताकाला सांगणार?"

"मी नाही. तुम्ही सांगाल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर चावी तुमच्या हातात देणार नाही. त्यांनी कारण विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"एप्रिलपर्यंत थांब. शाळा सुरू होऊ दे. मग मी स्वतःच..." तो बोलता बोलता थांबला, कारण असं आजवर त्यानं कुणाजवळ काही मागितलं नव्हतं.

मिसुझुनं त्याच्या सदऱ्यावरची युझूची सुकलेली साल काढून टाकली. ओसाकाला जाताना आणि येताना तीच चालवत होती. तो डावीकडे बसला होता, एक्केचाळीस वर्षांपूर्वी बसला होता तिथंच. तिनं प्रत्येक वळणावर पुकारा केला, मोठ्यानं, आणि त्यानं एकदाही चूक काढली नाही.

शनिवारी सकाळी टेकडीवरच्या शाळेत चष्म्याचा कार्यक्रम होता. यंत्रासोबत ओसाकाहून एक चष्मा आला होता, तो घातला की माणूस क्षणाक्षणाला कुठं बघतो ते पडद्यावर हिरव्या ठिपक्यानं उमटतं. जुन्या चालकांची नजर टिपून घ्यायची आणि नव्यांना यंत्रावर दाखवायची, अशी योजना. नऊ कंपन्यांचे मालक आले होते. मैदान बंद होतं, मध्ये कुणी येणार नव्हतं. तामोत्सुनं चष्मा घातला, रिकाम्या मैदानात लॉरीच्या सहा फेऱ्या मारल्या, पुकारे केले, उतरला.

गाण्याच्या वर्गात सगळे पडद्यापुढं दाटीवाटीनं बसले, मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर. हिरवा ठिपका रस्त्यावरून पळत होता. वळण जवळ आलं की डाव्या आरशावर जाऊन बसायचा, एक, दोन, मग उजवीकडे, मग मागे. एकदाही चुकला नाही.

"पाहा!" धाकटे निशिमोरी उठून उभे राहिले. "यंत्र म्हणतंय, नऊ कंपन्यांत इतकी वेळेवर नजर कुणाची नाही. तामोत्सुकाका, ही नजर आता पन्नास वर्षं राहील इथं. तुम्ही गेलात तरी."

"एवढ्यात घालवू नकोस मला," तामोत्सु म्हणाला आणि सगळे हसले, टाळ्या वाजल्या.

त्यानं पडद्याकडे पाहिलं. डोळा कुठं गेला ते यंत्रानं बरोबर टिपलं होतं. काय दिसलं, ते यंत्राला कळत नव्हतं. कुणालाच कळणार नव्हतं. आता हवं तर आयुष्यभर गप्प राहता येईल, हे त्याला समजलं, आणि हेही समजलं की उद्या कुणी नवखा इथं बसून हा हिरवा ठिपका बघेल आणि बरोब्बर तसंच, वेळेवर, न बघता बघायला शिकेल. त्याची विसावी शिष्या खिडकीशी उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती आणि त्याच्याकडे बघतही नव्हती.

रविवारी सकाळी तोमिएनं भात वाढला.

"डोळ्यांचं काहीतरी आहे," तो म्हणाला. "डावीकडचं."

तिनं लोणच्याची वाटी खाली ठेवली. "तीन महिने झाले, डावीकडे वाढलेलं लोणचं तुम्ही ठेवून देता. मी उजवीकडे वाढलं की संपवता. मला वाटलं, लहर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी काही बोललात, म्हणून मी बोलायचं?" ती म्हणाली. मग वाटी उचलून तिनं त्याच्या नाकासमोर ठेवली. "सदरा परत करता येतो. पावती जपून ठेवलीय मी."

"राहू दे सदरा."

सोमवारी हजेरीला रांग होती. तामोत्सु टेबलापाशी आला, नळीत फुंकलं. शून्य.

"अंगात काही?"

"आहे."

निशिमोरींनी मान वर केली. मग कागदाकडे पाहिलं. "काका, मी टिक करून टाकली."

"खोड."

"काय झालंय?"

"विचारण्याआधीच टिक केलीस, ते आधी खोड, योशिताका. मग सांगतो."

त्यांनी खोडली. मागे चालक उभे होते, आणि तामोत्सु मोठ्यानं बोलला, पुकाऱ्याच्या आवाजात, कारण दुसऱ्या आवाजात त्याला ते जमलं नसतं. डावीकडचं खालचं दिसत नाही. गुरुवारी एक आजीबाई वाचली ती मिसुझुबाईमुळे. यंत्रात दिसतं ते खरं आहे आणि खोटंही आहे. मग त्यानं चावी टेबलावर ठेवली. हातमोजे काढून खिशात घातले. तेही टेबलावर ठेवायचा त्याला धीर झाला नाही.

डॉक्टरनं तेच सांगितलं जे मिसुझुनं सांगितलं होतं. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. दोन्हीकडचे हरवलेले तुकडे जिथं एकावर एक येतात, तिथं जगच नाही. रोज दोन वेळा थेंब. लॉरी बंद.

त्या आठवड्यात निशिमोरींनी सगळ्या चालकांना नेत्रतपासणीला पाठवलं. चाळिशीच्या पुढचे चौदा होते, त्यातल्या दोघांच्या डोळ्यांत सुरुवात सापडली. त्यातला एकजण तामोत्सुच्या घरी आला, दारातच उभा राहिला, "गुरुजी, वेळेत कळलं," म्हणाला, आणि तांदळाच्या साके दारूची बाटली ठेवून पळाला.

पण शाळेचं अडलं. मालकांची बैठक झाली, आणि निशिमोरी पडलेल्या चेहऱ्यानं आले.

"ते म्हणतात, जो चालवत नाही तो शिकवणार काय? एकजण तर... जाऊ दे."

"'आंधळा गुरुजी' म्हणाला असेल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीही तेच म्हणालो असतो. मला आठवडा दे. शाळेची किल्ली दे आणि परवा ये. मिसुझुलाही आण."

तो सकाळी बसनं टेकडीवर गेला, एकटा. वर्गातल्या बुटक्या खुर्चीवर बसून राहिला. हामागुचीपासून स्वतःपर्यंत, आणि स्वतःपासून एकोणीस जणांपर्यंत, सगळ्यांनी शिकवलेला शब्द एकच होता, मोकळं. मोकळं नसेल तर काय म्हणायचं, हे कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं. त्याला शब्दच नव्हता. गुरुवारी तो मिसुझुला जागच्या जागी सुचला होता, किंचाळताना.

मग त्यानं बाह्या वर केल्या.

ठरल्या दिवशी निशिमोरी आणि मिसुझु लॉरी घेऊन आले तेव्हा मैदानभर शाळेचं सामान पसरलं होतं. खुर्च्या, बादल्या, पृथ्वीचा गोल, विज्ञानाच्या वर्गातला पेंढा भरलेला तानुकी, तो आमचा रानटी, कुत्र्यासारखा, गोल पोटाचा प्राणी. काही आरशात येईल असं, काही मुद्दाम येणार नाही असं.

"'मोकळं' म्हणायचं नाही," तामोत्सुनं मिसुझुला सांगितलं. "काय दिसतं त्याचं नाव घ्यायचं. नाव घेण्यासारखं काही नसलं, तर रस्त्याचं नाव घे, भिंतीचं घे. पण डोळ्यात आल्याशिवाय तोंडातून काही काढू नकोस."

ती चढली. लॉरी हळूहळू वळली. "डावीकडे खुर्ची, पाय वर. आरशात बादली, लाल. मागे भिंत, भिंतीवर... गुरुजी, भिंतीवर कुणाचं तरी नाव कोरलंय!" प्रत्येक गोष्टीला ती थांबली, प्रत्येक गोष्ट वाचली. वेळ दुप्पट लागला.

"असं केलं तर ओसाकाला पोचायला उन्हाळा येईल," निशिमोरी म्हणाले.

"महिन्याभरात वेग येईल. तू चढ आता."

"मी? सहा वर्षं झाली मी मोठी गाडी चालवून, काका."

"परवाना आहे ना? चढ. तुझ्या बापाला मी पाहिलंय चालवताना, बघू तुझ्यात किती उतरलंय."

निशिमोरी चढले. मैदानाच्या टोकाला पोचले. वळणावर हात उठला, लहानपणी बापाच्या शेजारी बसून पाहिलेला तोच हात, बोट आरशावर गेलं. "डावं मोकळं!" ते उमदेपणानं ओरडले.

मग कचकन आवाज झाला आणि पेंढा उडाला.

ते खाली उतरून बघत राहिले. तानुकीचं शेपूट चाकाबाहेर राहिलं होतं. "मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "काका, खरंच, मी..."

"हो," तामोत्सु म्हणाला. "मीही."

मिसुझुनं शेपूट उचललं. "पेशंट गेला," ती म्हणाली.

पुढच्या चार दिवसांत निशिमोरींनी बाकीच्या आठ मालकांना एकेक करून मैदानात आणलं. तानुकी संपला होता, म्हणून जुनी छत्री उभी केली. आठांपैकी पाच जणांनी छत्रीवरून लॉरी नेली, मोठ्यानं मोकळं म्हणत. ज्यानं 'आंधळा गुरुजी' म्हटलं होतं, त्यानं छत्री आणि बादली दोन्हींवरून नेली. त्यानंतर बैठक घ्यावी लागली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी शाळा उघडली. पहिल्या तुकडीत पाच जण होते. दोन बायका, एक बेकरीतला, एक नुकता लग्न झालेला, आणि एक बावन्न वर्षांचा कोळी, मासेमारीच्या होडीवरचा, हातांना दोरांचे घट्टे पडलेला. तामोत्सु नवा सदरा घालून आला. यंत्र चालू केलं, स्वतःचा हिरवा ठिपका दाखवला. "हा माझा डोळा. छान पळतोय ना? आता याला काय दिसलं नाही ते सांगतो," म्हणाला, आणि तास सुरू केला. त्याच दुपारी मिसुझु पहिल्यांदा एकटी ओसाकाला निघाली, त्याच्या लॉरीतून. जाताना तिनं टेकडीखालून एकदा भोंगा वाजवला, जे नियमात बसत नाही, आणि तामोत्सुनं न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी कोळ्याची पाळी होती. मैदानात दुपारचं ऊन होतं, समुद्र खाली चकाकत होता. लॉरी वळणापाशी आली आणि थांबली. बराच वेळ हलेना. बाकीचे चौघे कुजबुजू लागले.

काच खाली झाली. "गुरुजी!"

"काय?"

"डावीकडचं मला कळत नाहीये. काहीतरी आहे, पण काय ते नाव घेता येत नाही."

"मग काय करशील?"

कोळी थोडा ओशाळला. सगळे बघत होते. होडीवर असताना असं विचारलं असतं तर हसं झालं असतं.

"उतरून बघू का?"

"बघ की."

त्यानं ब्रेक ओढला, दार उघडलं, पायऱ्यांवरून खाली आला आणि लॉरीच्या पुढून वळसा घालून डाव्या चाकापाशी गेला. वाकला. तामोत्सु त्याच्यामागून चालत गेला, कारण त्यालाही जवळ गेल्याशिवाय तिथलं दिसत नव्हतं.